पंधरा मे २००४ रोजी गेलेला कवी ‘पारंपरिक’ कसा होतो?

वामनदादा कर्डकांचा पहिला अल्बम कोणता? हा साधा प्रश्न चार माणसांना विचारून बघा. भावगीत गाणाऱ्या एखाद्या गायकाबद्दल विचारलं तर लगेच उत्तर मिळतं. तबकडी कोणती, साल कोणतं, शब्द कुणाचे, चाल कुणाची, सगळं लोकांना पाठ असतं. वामनदादांचं नाव काढलं की गडबड सुरू होते. कुणी प्रल्हाद शिंदेंच्या कॅसेटचं नाव घेतं, कुणी श्रावण यशवंतेंचं. एखादा शिकलेला माणूस सरळ म्हणतो, “ती तर लोकगीतंच आहेत ना?”

नोंदीत जाऊन पाहिलं तर त्यांच्या स्वतःच्या नावाने उभा राहिलेला पहिला संग्रह हा तबकडी नाही, कॅसेटही नाही. ते पुस्तक आहे, ‘वाटचाल’, साल १९७३. गाणी लिहायला त्यांनी सुरुवात केली १९४३ मध्ये. मध्ये गेली तीस वर्षं. या तीस वर्षांत धर्मांतर झालं, बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं, रिपब्लिकन पक्ष उभा राहिला आणि फुटला, १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसं तुरुंगात गेली. या सगळ्याला ज्यांच्या गाण्यांनी आवाज दिला त्यांत वामनदादा पुढे होते. गाणी गावोगाव गेली, गळ्यातून गळ्यात गेली. त्यांच्यावर लिहिणाऱ्याचं नाव छापून यायला मात्र तीस वर्षं लागली. आणि आज, तो माणूस जाऊन दोन दशकं उलटल्यावर, छापलेलं ते नाव पुसायचं काम चालू आहे. हा लेख त्याबद्दल आहे. पुसणाऱ्यांत परके आहेत तसे आपलेही आहेत, आणि आपल्यांना मी जास्त बोलणार आहे.

नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगते. वामन तबाजी कर्डक, जन्म १५ ऑगस्ट १९२२, देशवंडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक. शाळेचा पत्ता नाही. पोटासाठी मुंबई. मोठ्या वयात अक्षरओळख झाली, ती दुकानांवरच्या पाट्या वाचत वाचत पक्की केली. पुढे आयुष्यभर गाणं. वर्ध्याला १९९३ मध्ये पहिलं अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन झालं, त्याचे ते अध्यक्ष होते. निधन १५ मे २००४. म्हणजे जन्मतारीख आहे, गाव आहे, बापाचं नाव आहे, मृत्यूची तारीख आहे, छापील संग्रह आहेत, ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मचरित्र आहे. एवढं सगळं असताना हा माणूस ‘पारंपरिक’ कसा होतो?

होतो. आमच्या तलवाड्यात येऊन बघा. गेवराई तालुक्यातलं हे गाव बाहेरच्यांना त्वरिता देवीच्या मंदिरामुळे माहीत आहे. देवीच्या गाण्यांचं राहू द्या, मी आमच्या गाण्यांबद्दल बोलते. एप्रिल उजाडला की मोबाईलच्या दुकानात पोरांची रांग लागते, पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डं भरून घ्यायला. दिवाळीच्या आगेमागे पुन्हा एकदा लागते, कारण ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांना कारखान्यावरचे पाच-सहा महिने ट्रॅक्टरवर आणि कोपीत ऐकायला गाणी लागतात. मी ऊसतोड बायांसोबत काम करते, त्यामुळे ही कार्डं माझ्या नजरेखालून बरीच जातात. फाईलींची नावं बघा: ‘भीमगीत ०७ डीजे मिक्स’, ‘जयभीम कडक रोडशो’, ‘निळं वादळ न्यू’. मिक्स करणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात असतं. त्याने गाण्याच्या मध्येमध्ये स्वतःचं नाव बोलून टाकलेलंही असतं, घुमणाऱ्या आवाजात, दर अर्ध्या मिनिटाला. गायकाचं नाव असलं तर असतं. लिहिणाऱ्याचं नाव नसतं. मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि खालची माहिती उघडली तर ‘गीत’ या शब्दापुढे एक तर रिकामी जागा, नाहीतर तो एक शब्द: पारंपरिक.

आमच्याकडे हल्ली एका गाण्याच्या व्हिडिओलाही ‘अल्बम’ म्हणतात. शेतात, विहिरीवर, भाड्याच्या गाडीसमोर उभं राहून काढलेलं एक गाणं, की झाला अल्बम. त्याला माझी ना नाही. ज्यांच्यासमोर आयुष्यभर कुणी माईक धरला नाही त्यांच्या हातात कॅमेरा आला, हे चांगलंच झालं. औरंगाबादच्या कडूबाई खरातांना एकतारीसह महाराष्ट्रभर नेलं ते मोबाईलनेच, कुठल्या अकादमीने नाही. तक्रार तंत्रज्ञानाची नाही. तक्रार नावाची आहे.

समाजशास्त्र शिकताना ‘लोक’ या शब्दाशी माझं भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. लोकगीत, लोककला, लोकवाङ्मय. शब्द प्रेमळ वाटतो. पण तो कुणाला लावला जातो ते पाहा. ग. दि. माडगूळकरांनी ‘गीतरामायण’ लिहिलं, सुधीर फडक्यांनी चाली लावल्या, १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून छप्पन्न गाणी आठवड्याआठवड्याने गेली. ती घराघरांत पाठ झाली, म्हाताऱ्यांनी म्हटली, पोरांनी म्हटली. पण म्हणून ती लोकगीतं झाली नाहीत. आजही कार्यक्रम झाला की निवेदक आधी कवीचं नाव घेतो, मग संगीतकाराचं. घ्यायलाच पाहिजे. माडगूळकरही गरिबीतूनच आलेले, त्यांच्याशी माझं काही वाकडं नाही. पण त्याच १९५५ साली वामनदादा बारा वर्षं लिहीत होते, त्यांचीही गाणी घराघरांत पाठ होती, म्हाताऱ्यांनी म्हटली, पोरांनी म्हटली. एकाचं गाणं लोकांनी म्हटलं तर कवी मोठा होतो. दुसऱ्याचं गाणं लोकांनी म्हटलं तर कवी नाहीसा होतो. दोन्हीकडे लोक तेच करतात, फरक फक्त वस्तीचा आहे. एकाची वस्ती साहित्यात मोडते, दुसऱ्याची संशोधनाच्या विषयात.

यावर कुणी म्हणेल, खरोखर अनामिक गाणी असतातच की. असतात. जात्यावरच्या ओव्या घ्या. पिढ्यान्‌पिढ्या बायांनी भर घातलेलं ते वाङ्मय, पहिली ओळ कुणी म्हटली हे सांगता येत नाही. पण तिथेही काम नीट करणाऱ्याने काय केलं ते पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे तो ठेवा ‘पारी’ या संकेतस्थळावर आला. तिथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. आपल्या शेजारच्या माजलगावच्या भीमनगरातल्या राधाबाई बोऱ्हाडे यांनी १९९६ मध्ये बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या, त्या त्यांच्या नावानिशी आहेत. जिथे मूळ रचणारी सापडणं शक्यच नाही तिथे निदान गाणारीचं नाव राहिलं, आणि जिथे कवीचं आधारकार्ड सोडून सगळं उपलब्ध आहे तिथे ‘पारंपरिक’ लिहून मोकळे. याला आळस म्हणू नका. जो आळस प्रत्येक वेळी एकाच समाजाच्या वाट्याला येतो त्याला वेगळं नाव आहे.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येते. वामनदादांनी आपलं नाव जपायची सोय स्वतःच करून ठेवली होती. त्यांची गाणी नीट ऐका. अनेक गाण्यांच्या शेवटच्या अंतऱ्यात ‘वामन’ येतो. ही आपली जुनी रीत आहे. चोखामेळ्यांनी अभंगाच्या शेवटी नाव घातलं, तुकोबांनी घातलं. सोयराबाईंनी घातलं ते नवऱ्याच्या नावाच्या आधाराने, जात उघड सांगून, आणि त्यात बाईपणाचं आणि जातीचं दोन्ही दुःख आलं. ज्याच्याकडे छापखाना नाही, ज्याला दरबार नाही, ज्याचा कागद टिकणार नाही, त्याने नाव गाण्यातच विणायचं. कागद जाळता येतो, वही नदीत फेकता येते, पण गाणं म्हटलं जाईल तोवर नाव म्हणावंच लागेल, असा तो पक्का बंदोबस्त. सरकारी शिक्का नसलेल्या माणसांचा हा दस्तावेज आहे.

डीजेचं मिक्स काय करतं? मुखडा घेतं, तो चार वेळा फिरवतं, पहिला अंतरा अर्धा ठेवतं, मध्ये ठोका टाकतं, पुन्हा मुखडा. मिरवणुकीत शेवटच्या अंतऱ्याला जागा नसते. म्हणजे जो भाग कापला जातो तो नेमका सहीचा. मिक्स करणाऱ्या पोराच्या मनात वाईट काही नसतं हे मला माहीत आहे, त्यांतले काही आमच्याच अभ्यासिकेत बसलेले आहेत. पण परिणाम काय झाला ते बघा. दस्तावरची सही कापली, आणि वर मुखड्यात स्वतःचं नाव घुमवलं. जमिनीच्या कागदाला कुणी असं केलं असतं तर आपण तहसीलवर मोर्चा नेला असता.

इथे मला १९३६ आठवतं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण आधी मागवलं, वाचून घाबरले आणि काही भाग गाळा म्हणाले. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. ते भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापलं, दीड हजार प्रती. जगभर आज ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ म्हणून वाचलं जातं ते हेच पुस्तक. लिहिणाऱ्याचा शब्द त्याच्या परवानगीशिवाय कापायचा नाही, हा धडा आपल्या घरातला आहे. कुणा परदेशी कायदेपंडिताकडून तो शिकायची गरज नाही. आणि आपणच बाबासाहेबांच्या जयंतीत बाबासाहेबांवर लिहिणाऱ्याचा शब्द कापून नाचतो.

जगात हे फक्त आपल्याच बाबतीत झालं असंही नाही. अमेरिकेत एलिझाबेथ कॉटन नावाची एक काळी बाई होती. उत्तर कॅरोलायना राज्यातली, लहानपणापासून दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणारी. डावखुरी असल्यामुळे गिटार उलटी धरून वाजवायची आणि तिची स्वतःची एक बोटांची पद्धत तयार झाली. मालगाडीवरचं एक गाणं तिने अकरा-बारा वर्षांची असताना रचलं. पुढे संसार आणि चाकरी यात गिटार कित्येक वर्षं सुटली. म्हातारपणाकडे झुकताना ती वॉशिंग्टनमध्ये सीगर नावाच्या घरी कामाला लागली. ते घर संगीतकारांचं. स्वयंपाकघरातली बाई असं वाजवते हे त्यांच्या लक्षात आलं. त्या घरातल्या मुलीने ते गाणं इंग्लंडला नेलं, तिथे ते ऐकून दोघा इंग्रजांनी चक्क स्वतःच्या नावावर नोंदवलं, आणि १९५७ मध्ये ते तिकडे गाजलं. रचणारी मात्र अमेरिकेत चाकरी करत होती. पुढे त्याच घरातल्या माईक सीगरने तिचं गाणं तिच्याच घरी बसून ध्वनिमुद्रित केलं आणि १९५८ मध्ये फोकवेज कंपनीने तिचा पहिला अल्बम काढला. तेव्हा ती साठी ओलांडलेली होती. हक्कासाठी झगडा झाला, गाणं तिच्या नावावर आलं. १९८५ मध्ये, नव्वदीच्या आसपास, तिला ग्रॅमी मिळालं.

ही गोष्ट सांगताना लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, सीगर घराण्याचा मोठेपणा सांगितला जातो. मला ती वेगळी दिसते. तिचं नाव वाचलं कारण ती योगायोगाने नेमक्या त्या स्वयंपाकघरात उभी होती. शेजारच्या घरी कामाला असती तर तिचं गाणं आज इंग्रजांचं असतं, किंवा ‘पारंपरिक’ असतं. चांगल्या मालकावर अवलंबून असलेल्या न्यायाला न्याय म्हणत नाहीत, त्याला दया म्हणतात. आपल्याला दया नको. वामनदादांना कुणी सीगर भेटण्याची वाट बघायची नाही, कारण वामनदादांना मोठा समाज आहे. तो समाज नाव घेत नसेल तर बाहेरच्या कंपनीला दोष देऊन काय उपयोग?

आता नेहमीच्या हरकती घेते. पहिली हरकत मी प्रत्येक बैठकीत ऐकते: “ताई, गाणं समाजाचं असतं. वामनदादांनी नावासाठी लिहिलं का? भीमासाठी लिहिलं.” ऐकायला गोड आहे. पण हाच न्याय बाकीच्यांना लावा ना. जयंतीचा फ्लेक्स लागतो, त्यावर पन्नास फोटो असतात, आणि सगळ्यात खाली उजव्या कोपऱ्यात फ्लेक्स छापणाऱ्या दुकानाचं नाव आणि मोबाईल नंबर असतो. फ्लेक्सही समाजाचाच आहे, मग तो नंबर कशाला? देणगीदारांची नावं वर्गणीच्या रकमेसह माईकवरून वाचली जातात, दोनदा वाचली जातात. दान समाजाला दिलं, मग नाव कशाला? अध्यक्ष, कार्याध्यक्ष, स्वागताध्यक्ष, सगळे नावासकट. नावाचा मोह सोडायचा उपदेश फक्त कवीला, आणि तोही मेलेल्या. दहा सभांची आणि एका जलशाची तुलना करणारं एक वाक्य बाबासाहेबांच्या नावाने सांगितलं जातं, ते आपण फ्लेक्सवर हौसेने छापतो. त्या जलशांत कोण गात होतं, भीमराव कर्डक कोण, हे विचारलं तर छापणारे एकमेकांकडे बघतात.

दुसरी हरकत पैशाची. त्यांनी पैशासाठी लिहिलं नाही, हे खरं आहे. पण त्यांच्या गाण्यावर कुणीच पैसा केला नाही असं कुठे आहे? कॅसेटचा काळ आठवा. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटींचे ढीग असायचे. लोक उपाशी राहून गावाकडे कॅसेट न्यायचे. ती माणसं दिलदार होती, त्यांनी दिलेला पैसा कुठेतरी गेलाच. आज डीजेवाला आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय गाडी हलवत नाही, जनरेटरवाला डिझेल वेगळं मोजतो. कवीने पैशासाठी लिहिलं नाही या कारणाने फक्त कवीलाच पैसे द्यायचे नाहीत, हा हिशेब कुठला? विलास घोगरेंनी १९९७ मध्ये रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर जीव दिला. तो शाहीर मुलुंडच्या झोपडीत राहत होता. आज बहुतेकांना त्यांचा आवाज ऐकायला मिळतो तो आनंद पटवर्धनांच्या माहितीपटांमुळे. आपण आपल्या शाहिराला ना घर दिलं, ना फीत.

तिसरी हरकत थोडी वजनदार आहे. काहीजण म्हणतात, मराठी संगीताच्या धंद्यात सगळ्याच गीतकारांना लुबाडलं गेलं, यात जात कशाला आणता? लुबाडलं हे खरंच आहे. पण लुबाडणं आणि नसल्यासारखं करणं यात फरक आहे. बाकीच्या गीतकाराला पैसा मिळाला नसेल, तरी आवरणावर त्याचं नाव होतं आणि त्याच्या नावाने पुरस्कार निघाले. आपल्या कवीच्या बाबतीत पैसा तर गेलाच, शिवाय तो कवी होता हेच नाकारलं गेलं. ‘लोक’ म्हणून एकदा शिक्का बसला की मग लेखकच राहत नाही, आणि लेखक नाही म्हटल्यावर मागणार कोण? मला ही पद्धत ओळखीची वाटते. गायरान कसणाऱ्याला ‘अतिक्रमणधारक’ म्हटलं की पिढ्यांची मेहनत एका शब्दात उडते, तसंच हे.

आमच्या भागातला ताजा अनुभव सांगते. इथल्या एका मुलीने वामनदादांचं एक गाणं पेटी-ढोलकीवर, जुन्या चालीत, पूर्ण अंतऱ्यांसह म्हटलं आणि मोबाईलवरून चढवलं. खाली वामनदादांचं नाव लिहिलं. दोन दिवसांत तिला सूचना आली की या गाण्याचे हक्क एका कंपनीकडे आहेत. कंपनीचं स्वतःचं गाणं उघडून पाहिलं तर गीतकाराची जागा रिकामी. म्हणजे गाण्याला मालक आहे, पण लेखक नाही! नाव लिहिणाऱ्या पोरीला नोटीस, नाव गाळणाऱ्याला कमाई. दुसरं उदाहरण आमच्याच वस्तीतल्या एका ऊसतोड बाईचं. ती कोपीत बसून स्वतः गाणी जुळवते, लिहिता येत नाही म्हणून नातीकडून वहीत उतरवून घेते. एका ध्वनिमुद्रण करणाऱ्याने तिची दोन गाणी घेतली, एका कागदावर अंगठा घेतला, थोडे रोख पैसे दिले. गाणं बाहेर आलं ते दुसऱ्याच आवाजात, आणि गीतकार म्हणून त्या स्टुडिओवाल्याचा भाऊ. बाई म्हणाली, “जाऊ द्या ताई, भीमाचंच हाय.” मी जाऊ देणार नाही. आज ती बाई विसरली गेली तर वीस वर्षांनी तिचं गाणंही ‘पारंपरिक’ होईल.

कायदा काय म्हणतो ते आपल्या पोरांना माहीत असलं पाहिजे, म्हणून जरा सविस्तर सांगते. कॉपीराइट कायदा १९५७ चा. गाणं लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. वामनदादा २००४ मध्ये गेले, म्हणजे २०६४ संपेपर्यंत त्यांचे शब्द कुणाच्या बापाचे नाहीत, त्यांच्या वारसांचे आहेत, किंवा ज्याला रीतसर लिहून दिले असतील त्याचे. ‘पारंपरिक’ लिहिल्याने ते मोकळे होत नाहीत. हक्क मिळवायला नोंदणी करावीच लागते असंही नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच लागतं, तोंडी काही चालत नाही. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. हे वाक्य दोनदा वाचा, कारण वस्तीतले कित्येक शाहीर समजतात की एकदा अंगठा दिला म्हणजे जन्माचं गेलं. कलम ५७ प्रमाणे हक्क विकले तरी ‘हे माझं आहे’ असं सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो, आणि रचनेची मोडतोड करून त्याच्या लौकिकाला बाधा आणली तर दाद मागता येते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर गीतकाराला मानधनातला त्याचा वाटा कंपनीला लिहून देता येत नाही, कंपनीने लिहून घेतला तरी तो कागद टिकत नाही. हा वाटा गोळा करणारी संस्था, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, मुंबईत १९६९ पासून आहे. आपले किती शाहीर तिचे सदस्य आहेत, हे प्रत्येक तालुक्याने आपापलं मोजावं.

पण कायद्यातली मेखही बघून ठेवा. चोरट्या कॅसेटी रोखायला १९८४ मध्ये कलम ५२अ आलं. प्रत्येक ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या आवरणावर काय छापायचं ते त्यात सांगितलंय: ज्याने मुद्रण केलं त्याचं नाव-पत्ता, ज्याच्याकडे हक्क आहेत त्याचं नाव-पत्ता, आणि साल. गीतकाराचं नाव छापाच, असं त्यात नाही. कंपनीचा पत्ता पिनकोडसह आला पाहिजे, कवी नाही आला तरी चालतो. चोरीपासून कुणाला वाचवायचं होतं ते यावरून कळतं. एवढ्या सांस्कृतिक आघाड्या, एवढे प्रकोष्ठ, एवढ्या अकादम्या, यांपैकी कुणी या कलमात ‘गीतकाराचे नाव’ हे दोन शब्द घालायची मागणी लावून धरली तर त्या मोर्चात मी आमच्या बायांसह येईन. पुतळ्यासाठी निवेदन देणं सोपं असतं, त्याला फोटो मिळतो.

कायद्याने होईल तेव्हा होईल. गावात करायचं ते याच जयंतीला करता येतं, त्याला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. तलवाड्याच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. डीजेवाल्याशी ठरवताना त्याला लेखी सांगायचं की किमान पाच गाणी पूर्ण वाजतील, शेवटच्या अंतऱ्यासह, नाहीतर शेवटचा हप्ता मिळणार नाही. माईकवर गाण्याआधी कवीचं नाव, गायकाचं नाव घ्यायचं, याला देणगीदार वाचायला लागतो त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढा वेळ लागतो. आणि डीजेच्या खर्चातला एक रात्रीचा आवाज कमी करून त्या पैशात आपल्या तालुक्यातला एक जिवंत शाहीर पेटी-ढोलकीसह बसवायचा, त्याचं गाणं नीट ध्वनिमुद्रित करायचं, आणि ते त्याच्याच नावाने चढवायचं. गेल्या वर्षी हेच बोलले तेव्हा एक कार्यकर्ता म्हणाला, “ताई, म्हाताऱ्याच्या पेटीवर पोरं नाचत नाहीत.” नसतील नाचत. बसून ऐकतील. आपल्या आज्या-पणज्या रात्र रात्र जलशाला बसून ऐकायच्या आणि सकाळी शेतात जाऊन तीच गाणी पूर्ण म्हणायच्या, शेवटच्या अंतऱ्यासकट.

गेवराई, माजलगाव, बीड, अंबड या भागात ज्यांच्या घरी जुन्या शाहिरांच्या, भजनी मंडळांच्या, बायांच्या गाण्यांच्या वह्या पडून आहेत त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. वहीच्या पहिल्या पानावर पेनने एवढं लिहून ठेवावं: गाणी कुणी लिहिली, गाव कोणतं, साल अंदाजे कोणतं, चाल कुठल्या गाण्याची. लिहिणारी बाई असेल तर तिचं स्वतःचं नाव लिहावं, ‘अमक्याची आई’ असं नको. मोबाईलने पानांचे फोटो काढून दोन ठिकाणी जपावेत. आमच्या अभ्यासिकेत हे काम रविवारी दुपारी चालतं, वही घेऊन येणाऱ्याला वही लगेच परत मिळते.

जय भीम.